डावे आटे

मकरपुरा जीआयडीसी, शेड दोनशे अकरा.
इथून समुद्र किती लांब, कुणी कधी विचारलं नव्हतं.
पाणी म्हणजे आमच्याकडे विश्वामित्री,
तिच्यात बुडी मारायची तर आधी मगरींना विचारावं लागतं.

मग कारवारहून एक पाणबुड्या आला, मेस्ता नावाचा.
टेबलावर त्याने पितळेचे दोन जोड ठेवले, अगदी सारखे.
म्हणाला, हेच तर दुखणं आहे. सारखे आहेत.

एका बाटलीत खोलवरची हवा, हेलियम बरंच, ऑक्सिजन नावाला.
ती वर, काठाशी ओढली तर झोप येते,
उठत नाही माणूस.
दुसरीत ऑक्सिजन भरपूर, वर येताना घ्यायचा.
तोच साठ मीटर खाली घेतला तर अंगाला आचके येतात
आणि दातांतून नळी सुटते.

"रंग दिले होते आम्ही. एकाला लाल, एकाला हिरवा.
खाली लाल पहिला मरतो. काळा दिसतो."
कोण होतं ते त्याने सांगितलं नाही.
चहावर साय धरली.

रसेशभाई म्हणाले, "मोटुं लेबल मारी दो, चालशे."

चालशे!
या शहरात आम्ही मराठी माणसं चार पिढ्या
याच शब्दावर तरंगतो आहोत.
अर्धं सूत कमी? चालशे.
पावती उद्या? चालशे.
मुंजीच्या पंगतीत सेव-उसळ?
तेही चाललं, माझ्या भावाच्या.

लेथवरून ढमढेरेकाका बोलले, मान न उचलता:
"नाही चालवायचं. डोळ्याला नको सांगू,
हाताला सांग."

मग ऑक्सिजनच्या जोडाला त्यांनी डावे आटे पाडले,
जाड, लांब पल्ल्याचे.
हेलियमला उजवे, बारीक, आणि तोंडच लहान.
एकाचं दुसऱ्यात अर्धा फेराही बसू नये.
सात तुकडे भंगारात गेले. मीच नापास केले.
माझ्या हातातल्या गेजचं एक टोक आत जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
पगार मला त्या दुसऱ्या टोकाचा मिळतो.

ऑक्सिजनला तेलाचं बोट लागलं तर भडका उडतो,
आणि आमची तर आख्खी शेड तेलात न्हालेली.
काकांनी कोपरा धुतला, भिंतसुद्धा,
आणि आठ दिवस डोक्याला तेल लावलं नाही.
काकूंचा मला चोरून फोन:
"गावाकडे कुणी गेलं का गं? मला सांगत नाहीत."
नाही म्हटलं.
फोन ठेवल्यावर वाटलं, खोटं बोलले.
लांबचं का होईना, सुतक होतंच.

परीक्षा मागच्या हौदात झाली.
गोळेवाल्याकडून बर्फ आणला, दिवे घालवले.
मेस्ताचे जाड हातमोजे घालून
काका कोपरापर्यंत पाण्यात.
डोळे मिटायची त्यांना गरज नव्हती.
उजव्यात मोतीबिंदू आहे, वर्षभर व्हर्नियर मी वाचून देते,
दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

तीनशे वेळा जोड उचलला, लावला.
मी विजेरीच्या उजेडात पेन्सिलने लिहीत होते.
एकोणचाळीस वेळा हात चुकला,
थंडीने, कंटाळ्याने,
एकदा तर बाहेर भोंगा वाजला म्हणून.
एकोणचाळीस वेळा पितळ नाही म्हणालं.
मेस्ता हौदाच्या कडेला उकिडवा बसून
प्रत्येक नाही ऐकत होता,
शेवटी शेवटी तर चुकायचीच वाट बघत.

खोकं कारवारला निघालं तेव्हा
रसेशभाईंनी तरीही लेबलं छापून आणलेली,
वितीएवढी, पिवळीजर्द.
मला वाटलं काका आता भडकणार.
त्यांनी एक हातात घेतलं, डाव्या डोळ्याजवळ नेलं,
"लावा तेही," म्हणाले. "चालशे."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरले तर
मशीनच्या तेलावर मात करणारा
आवळेलाचा वास,
आणि काकांचं डोकं चपचपीत.